तो 'घ' माझा आहे

प्रति,
अध्यक्ष, पंच आणि ज्येष्ठ सभासद,
आमच्या गल्लीतील पारायण मंडळ,
पूर्व भाग, सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

मांडव उतरला, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, महाप्रसादाचा हिशेब फळ्यावर लागला. आता जरा निवांतपणे वाचाल म्हणून आज लिहितो आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सभामंडपात उभा राहून मी बोलत होतो, ते अर्धवट राहिले. हातातला माईक काढून घेतला याची तक्रार नाही. माईक मंडळाचा होता. पण दुसऱ्या दिवशी चपलांच्या फळीवर नवा फलक लागला : 'ग्रंथाच्या एका अक्षराबद्दलही शंका घेऊ नये. शंका घेणाऱ्याने पारायणास बसू नये.' तो कुणासाठी आहे हे गल्लीतल्या पोराटोरांनाही कळले. तेव्हा राहिलेले आज पुरे करतो.

मी एवढेच सांगत होतो, की आपल्या व्रताच्या पुस्तिकेत सातव्या पानावर जो 'घ' आहे, तो देवाचा नाही, कुणा ऋषीचा नाही, ज्यांनी त्या ओव्या रचल्या त्या कीर्तनकारबुवांचाही नाही. तो माझा आहे.

१९७३ साल. दुष्काळ नुकताच सरत होता. मी एकोणीस वर्षांचा, नव्या पेठेमागच्या एका बोळात छापखान्यात जुळारी म्हणून लागलो होतो. जुळारी म्हणजे कंपोझिटर, खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवणारा. तरुण पंचांनी खिळा पाहिला नसेल म्हणून सांगतो. समोर लाकडी केस, तिच्यात खण. प्रत्येक अक्षराचे आपले एक घर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ भरायची पट्टी, धरायची आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ भरायची. अक्षर उलटे, ओळ उलटी. पण सवयीने आम्ही ती तशीच वाचायचो. छपाई झाली की फॉर्मा, म्हणजे एकत्र बांधलेली पाने, सोडवायचा आणि खिळे पुसून पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. हे काम नव्या पोरांकडे असे. नवे पोर म्हणजे घाई आली. 'व'च्या घरात 'ब' पडणार, 'म'च्या घरात 'भ' पडणार, आणि तो पुढच्या कामापर्यंत तिथे गप्प बसून राहणार.

'घ' आणि 'ध' तर सख्खे भाऊ. 'घ'च्या डोक्यावरची रेघ सलग, 'ध'च्या डोक्यावर जराशी खिंड आणि एक गाठ, एवढाच काय तो फरक. खिळा नवा असेल तर तो दिसतो. पाच-सात वर्षे घासलेल्या खिळ्यात ती खिंड शाईने भरून जाते.

बुवांनी आणलेली वही शाईपेनने लिहिलेली होती, अक्षर चांगले. सोमवारच्या व्रताची एका फॉर्म्याची पुस्तिका, सोळा पाने, हजार प्रती, किंमत चार आणे. ओवी अशी होती :

धृतव्रता होऊनि नारी । दीप लावी शिवमंदिरीं ।
अकरा सोमवार निर्धारीं । मनोरथ पुरती तियेचे ॥

धृतव्रता म्हणजे जिने व्रत धरले आहे ती. साधा अर्थ. त्या रात्री मिलचा भोंगा वाजून गेला तरी मी केसवरच होतो, कारण श्रावण तोंडावर आला होता. हाताने 'ध'च्या घरातून खिळा उचलला. घर 'ध'चे होते, खिळा 'घ'चा होता. प्रूफ बुवांनी बघायचे, पण ते चातुर्मासासाठी पंढरपुरी जाऊन बसलेले. मालक म्हणाले, "तूच बघून घे रे." आपणच जुळवलेल्या ओळीतली चूक आपल्याला कधी दिसत नाही. डोळा वाचतो ते मनातले, कागदावरचे नाही. हजार प्रतींवर 'घृतव्रता' छापले गेले. घृत म्हणजे तूप.

दोन वर्षांनी मावशीकडे गेलो, तर ती देवळात न्यायला निरांजनात तूप घालत होती. आदल्या साली डब्यात गोडे तेल नव्हते असे घर ते. मी विचारले, तुपाचे काय मध्येच? तिने पुस्तिका पुढे केली. मी ते पान पाहिले आणि हातापायांतले बळ गेले. मालकांना सांगितले, तर ते म्हणाले, "अरे, तूप काय वाईट आहे का? देवालाच जातंय." माझी नोकरी नवी होती. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे, फक्त त्याला इतिहास म्हणतात हे ठाऊक नसेल. पुढे कुणीतरी ती पुस्तिका पुन्हा छापली आणि कोड्यात पडलेल्या वाचकासाठी खाली टीप दिली : 'घृतव्रत म्हणजे गोघृताचे व्रत.' गाय तिथून आली. त्याच्या पुढच्या आवृत्तीत अकरा सोमवारांच्या जोडीला अकरा वाती आल्या. त्याच्या पुढच्या आवृत्तीत 'वनस्पती तूप वापरल्यास व्रतभंग होतो' आले. आणि यंदा मंडळाने सोनेरी मुखपृष्ठाची जी आवृत्ती काढली तिच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : 'मूळ प्रतीवरहुकूम, शुद्ध.' मूळ प्रत म्हणजे १९७३ची. माझी!

हे मी बोललो तेव्हा पहिल्या रांगेतून एक ज्येष्ठ पंच शांतपणे म्हणाले, "देवानेच ते तुमच्या हातून करवून घेतलं." टाळ्या पडल्या. उत्तर मोठे सोयीचे आहे, यात वाद नाही. या उत्तरापुढे कुठलीच चूक चूक राहत नाही. पण हेच उत्तर मला १९७९ साली कुणी दिले नाही. तेव्हा एका लग्नपत्रिकेत वधूच्या जागी मी तिच्या धाकट्या बहिणीचे नाव जुळवले होते. तिथे देवाची इच्छा कुणी पाहिली नाही. मुलीचा बाप छापखान्यात येऊन उभा राहिला, पत्रिका पुन्हा छापल्या आणि माझे दीड दिवसाचे पैसे कापले गेले. लग्नपत्रिकेला जो न्याय तो पोथीला का नाही, एवढाच माझा प्रश्न होता आणि आहे.

बरे, हा प्रश्न माझ्याबरोबर जन्माला आलेला नाही. तुमच्या सप्ताहात ज्ञानेश्वरी व्यासपीठावर असते. तिच्या शेवटी काय आहे, ते दर वर्षी वाचता. शके १२१२ला, म्हणजे इसवी सन १२९०ला, ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखकु झाले. ज्ञानदेवांनी सांगितले, बाबांनी उतरवून घेतले. त्या बाबांच्या हातची पोथी आज कुणाकडेही नाही. तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. शेवटी शके १५०६ला, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराज बसले आणि त्यांनी प्रत शुद्ध केली. त्यांचेच शब्द आहेत :

ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध ।
तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥

मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण पाठभेदांनी तो अबद्ध झाला. हे कोण म्हणतो? कुणी नास्तिक नाही, नाथ म्हणतात. तीनशे वर्षांच्या नकलाकारांपुढे हात जोडून 'देवानेच करवून घेतले' असे ते म्हणाले नाहीत. प्रती समोर घेतल्या, ताडून पाहिल्या, शंका घेतली. तुमचा फलक तेव्हा पैठणला लागला असता, तर पारायणाला बसू दिले नसते असा पहिला माणूस एकनाथ.

आणि त्याच्याच पुढे शेवटी येणारी ओवी आठवा. ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. ही ओवी ऐकताना भाविक डोळे मिटतात. मला मात्र छापखान्याच्या जिन्यातली पाटी आठवते. 'येथे थुंकू नये' असे जिथे लिहावे लागते, तिथे लोक थुंकत असतात. नाथांच्या आधी लोक ओव्या घालत होते म्हणूनच नाथांना हे लिहावे लागले. आणि नाथांनी शुद्ध केली म्हणून वाद मिटला का? नाही. १९०९ साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी एक जुनी पोथी छापली. ती एकनाथांच्याही आधीची असे त्यांचे म्हणणे. त्यावर पंडितांत जी जुंपली ती बराच काळ चालली. हे सगळे मराठीत, आपल्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. त्यासाठी संस्कृत यावे लागत नाही.

संस्कृताचे म्हणाल, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली आणि १९६६ साली पुरी झाली. एका ग्रंथासाठी सत्तेचाळीस वर्षे. १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली, शारदा लिपीपासून मल्याळमपर्यंत. तिचे मुख्य संपादक सुखटणकर यांच्यासारख्या माणसाने त्यात आयुष्य घातले आणि काम अर्धे असतानाच ते १९४३ साली गेले. हे काम कुणा धर्मबुडव्यांचे नव्हे. त्यांनी काय केले? सगळ्या प्रतींना जे समान ते वर ठेवले, बाकीचे तळटीपेत नाही तर परिशिष्टात. त्यात काय काय खाली गेले ऐका. द्रौपदी कृष्णाचा धावा करते ती जागा खाली गेली. वस्त्रे येत राहतात, पण हाक मारलेली मूळ संहितेत नाही. आणि व्यासांनी सांगितले नि गणपतीने लिहिले, ती गोष्टही खाली गेली.

ही शेवटची वाचली त्या दिवशी मी एकटाच हसत बसलो होतो. आम्ही लिहिणारे, जुळवणारे, छापणारे. आमचा कुलदैवत तो गणपती. छापखान्यात मशीनच्या वर त्याचा फोटो असायचा, सोंडेला शाईचे बोट लागलेले. आणि नेमका तोच कुणीतरी नंतर घातलेला. लेखनिकाचीच गोष्ट लेखनिकांनी घुसवली. माझ्या 'घ'पेक्षा किती सुंदर!

गीतेचे सातशे श्लोक आपण म्हणतो. महाभारताच्या काही प्रतींत गीतेनंतर एक श्लोक येतो, त्यात हिशेब दिला आहे : कृष्णाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७, धृतराष्ट्राचा एक. बेरीज करा. ७४५ भरते. वरचे पंचेचाळीस कुठे गेले, की ते कधी नव्हतेच आणि मोजणाराच चुकला? मला ठरवायचे नाही. पण ज्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतात, त्याच्या मोजणीतही एवढी गडबड असेल, तर एका चार आण्यांच्या पुस्तिकेने एका अक्षरावरून कपाळाला आठ्या घालू नयेत.

आपल्या जिल्ह्याकडे या. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तुमच्यापैकी निम्म्यांना तोंडपाठ आहे. त्याचे कर्ते श्रीधरस्वामी आपल्या सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. अठराव्या शतकाच्या आरंभी, १७१८ साली त्यांनी तो ग्रंथ पुरा केला. म्हणजे छत्रपती शाहूंच्या काळात, कागदावर, बोरूने, ज्याला पोट होते आणि ज्याचे दिवस मोजलेले होते अशा माणसाने. अध्याय चौदा. आता बाजारात हिंडा, काही प्रतींत पंधरावाही सापडेल. गुरुचरित्राच्याही काही प्रतींत एक्कावन्न अध्याय, काहींत बावन्न, काहींत त्रेपन्न. अपौरुषेय ग्रंथाचे अध्याय दुकानागणिक बदलत नसतात. पंच, तुम्ही व्यापारी माणसे आहात. चादरीचे माप दुकानागणिक बदलले तर काय म्हणाल?

आता त्या दिवशी जे मुळीच बोलता आले नाही, ते.

आमच्या गल्लीत तिसऱ्या घरात एक बाई विड्या वळतात. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखता. घरात तेलुगू बोलतात, पुस्तिका मराठीतली, शब्दाला बोट लावून वाचतात. दुपारी उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसतात, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने पान कापतात, तंबाखूची चिमूट, एक वळसा, दोऱ्याची गाठ. मी चालत जाताना बघत राहतो, कारण माझाही हात असाच चालायचा. गेल्या वर्षी त्यांनी व्रत धरले, मुलाला पुण्यात नोकरी लागावी म्हणून. सहावा सोमवार झाला असेल. मला थांबवून म्हणाल्या, "काका, तेलाचा दिवा लावला तर चालतंय का हो?"

मी म्हणालो, "चालतंय की."

"पण पोथीत तूप लिहिलंय की."

सुपाच्या कडेला स्टीलची डबी होती, झाकणाला चिंधी बांधलेली. पावशेर तूप, दुकानातून उधार. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळते त्यातून दर आठवड्याला अकरा वातींचे तूप काढायचे. तोंड उघडले, आणि मिटले. चूक माझी आहे हे सांगायची लाज वाटली असे नव्हे. त्यांचे सहा सोमवार झाले होते. सहा सोमवारांचे तूप मी कुठून परत देणार होतो?

अकरा सोमवार झाले. मुलाला नोकरी लागली नाही. मग मंडळातल्याच कुणीतरी त्यांना सांगितले, तूप भेसळीचे असेल, पुन्हा धरा. या श्रावणात त्यांनी पुन्हा धरले. म्हणून मी उठलो. अध्यक्ष, मला महाभारताची चिंता नाही; तो ग्रंथ माझ्यावाचून चांगला चालला आहे. मला त्या डबीची चिंता आहे.

फलश्रुती ही चीज मी पन्नास वर्षे जुळवली आहे. पुत्रपौत्र, धनधान्य, रोगनाश, शत्रुनाश, शेवटी मोक्ष. छापखान्यात आम्ही ती कधी कधी आधीच्या पुस्तिकेची तशीच बांधून ठेवायचो, सोडवायचोच नाही. नवी पुस्तिका आली की तोच फॉर्मा उचलून शेवटच्या पानाला लावायचा, फक्त देवाचे नाव बदलायचे. वाचणाऱ्याला फळ मिळाले तर पोथी खरी. न मिळाले तर श्रद्धा कमी, नाही तर उच्चार अशुद्ध, नाही तर तूप भेसळीचे. या हिशेबात पोथी कधी तोट्यात जात नाही. एवढा बिनतोट्याचा धंदा सोलापुरात तरी मी दुसरा पाहिला नाही. गिरण्यासुद्धा बंद पडल्या.

काही जण म्हणतील, मग शुद्ध प्रत शोधा, 'ध' लावा, वाद संपला. मलाही बरीच वर्षे असेच वाटायचे. जुळाऱ्याचे मन ते, चूक म्हणजे खिळ्याची चूक. पण बहिणीने माझा हा समज मोडला. ती सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. त्या साली शेजारी गुरुचरित्राचा सप्ताह होता, तिला बरे वाटावे म्हणून आई घेऊन गेली. एकतिसावा-बत्तिसावा अध्याय लागला. पतिव्रतेने सहगमन करावे, म्हणजे सती जावे. नाही केले तर विधवेने कसे राहावे, एक वेळ जेवावे, केस ठेवू नयेत, कारण तिने वेणी बांधली तर परलोकात नवरा बांधला जातो. बहीण वेणी घालून बसली होती. वाचणारा वाचत होता, बायका माना खाली घालून ऐकत होत्या. घरी आल्यावर तिने मला एकच विचारले, "तू तिकडे छापतोस, हे चुकून छापलंय का?"

मी दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या, वाचनालयातल्या, मिळतील त्या प्रती काढून पाहिल्या. सगळ्यांत तेच. स्कंदपुराणातल्या काशीखंडातही तेच, तिथूनच ते आले आहे. नकलाकाराची चूक नव्हती, जुळाऱ्याची नव्हती. अक्षर न् अक्षर शुद्ध होते.

तेव्हापासून माझे दोन प्रश्न वेगळे झाले. लिहिले होते तेच आपल्या हाती आले आहे का, हा पहिला. त्याला प्रती ताडून उत्तर काढता येते. आणि जे लिहिले होते ते मानावे का, हा दुसरा. त्याला कुठलीही शुद्ध प्रत पुरत नाही. तिथे वेणी घातलेली बहीण समोर बसवून आपल्यालाच बोलावे लागते. तुम्हीही ते करताच. तुमच्या सप्ताहात ते अध्याय हल्ली भराभर, पुटपुटत वाचतात, मी ऐकले आहे. वाचणाऱ्याला लाज वाटते. चांगली गोष्ट आहे. पण ज्या ग्रंथातले काय मोठ्याने वाचावे आणि काय पुटपुटावे हे आपण ठरवतो, तो ग्रंथ आपल्याला शहाणपण देतो की आपण त्याला देतो, हे एकदा मंडळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या.

मी शहराबाहेरून काही शिकून आलो म्हणून असे बोलतो, असाही एक सूर निघाला. अहो, हे तर या गावच्या मातीतले आहे. बाराव्या शतकात आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर इथे तळे खोदत होते, तेव्हा कन्नड संत अल्लमप्रभू इथे आले आणि म्हणाले, हा वडारांचा म्होरक्या रामा कुठे आहे? शून्यसंपादने या कन्नड संवादग्रंथात ही भेट आहे. ते अल्लमप्रभू एका वचनात, म्हणजे छोट्या गद्यकवितेत, म्हणतात, वेद म्हणजे वाचायच्या गोष्टी, शास्त्र म्हणजे बाजारातल्या बातम्या, पुराण म्हणजे पुंडांची बैठक, तर्क म्हणजे एडक्यांची झुंज. कर्नाटकातल्या कल्याणचे बसवण्णा, म्हणजे महात्मा बसवेश्वर, आगमाचे नाक कापायला निघाले होते. तुमचा फलक वाचून या मंडळींनी चपला काढल्या असत्या, असे वाटत नाही.

पण इथेही मी हात राखूनच बोलतो, कारण शून्यसंपादने ही अल्लमप्रभूंच्या काळची नोंद नव्हे. ती पंधराव्या शतकात रचली गेली आणि पुढे आणखी तिघांनी ती नव्याने केली, अशा एकूण चार झाल्या. मागच्याचे चुकले म्हणून पुढच्याने नवी केली. आपल्या सिद्धरामेश्वरांना लिंगदीक्षा, म्हणजे वीरशैव पंथाची दीक्षा, झाली की नाही हाही त्या भांडणातला एक मुद्दा. आणि सिद्धरामेश्वरांची वचने? परंपरा अडुसष्ट हजार सांगते. 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या त्यांच्या नाममुद्रेची हाती लागली ती दोन हजारांच्या आत. म्हणजे मला आवडणारी साक्षही मी तपासून घेतो. सोयीची असली तरी.

दुसऱ्या धर्मांच्या ग्रंथांचे काय, असे एका तरुण पंचाने ओरडून विचारले होते. त्यांच्याकडेही नकला झाल्या, त्यांच्याकडेही माणसांनीच लिहिले. ते त्यांच्या घरचा जुळारी विचारील. मी ज्या घरात 'घ' सांडला ते घर आधी पुसतो.

मी सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला मात्र दर वर्षी जातो. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालतात, आणि सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा माझ्याही हातातले तांदूळ आपोआप उडतात. कुंभारकन्येचे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागले ते बाराव्या शतकात तसेच झाले का? मला नाही वाटत. मग तिथे का जातो? नातवाने हेच विचारले. मी म्हणालो, चल, उशीर होतोय. खरे सांगायचे तर याचे नीट उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नसल्याने माझे काही अडलेलेही नाही. एवढे कळते, की त्या मैदानात कुणी मला विचारत नाही, तुझा प्रत्येक अक्षरावर विश्वास आहे का. लाखभर माणसे नुसती उभी असतात, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी, आणि 'हर्र बोला हर्र' म्हणतात.

माझे मागणे मोठे नाही. फलक काढायचा की ठेवायचा ते तुमचे तुम्ही ठरवा; ठेवलात तरी मी चपला बाहेर काढून बाहेरच उभा राहीन. पण सोनेरी पुस्तिकेच्या ज्या प्रती कपाटात शिल्लक आहेत, त्यांना शुद्धिपत्र लावा. आमच्या धंद्यात शुद्धिपत्र लावायला कुणी लाजत नसे. उलट ज्या जाड ग्रंथाला शुद्धिपत्र नाही, तो प्रूफ न बघता छापला असे आम्ही समजायचो.

तुमचा खर्च वाचावा म्हणून पाचशे चिठ्ठ्या मी माझ्या पेन्शनमधून छापून घेतल्या आहेत. ऑफसेटवर, खिळे आता भंगारात किलोवर गेले. मजकूर असा :

'शुद्धिपत्र. पान ७, ओवी ३ : "घृतव्रता" या ठिकाणी "धृतव्रता" असे वाचावे. तुपाबद्दलची टीप रद्द समजावी. दिवा तेलाचा चालतो. (शेवटचे वाक्य मूळ ओवीत नाही. ते जुळाऱ्याचे आहे.)'

पहिली चिठ्ठी मी काल तिसऱ्या घरात देऊन आलो. बाईंनी बोट लावून दोनदा वाचली. मग पुस्तिका काढून सातवे पान उघडले आणि 'घ'वर नखाने खरवडून पाहिले. म्हणाल्या, "हे मंडळाने दिलंय की तुम्ही?" मी म्हणालो, मी. त्यांनी चिठ्ठी घडी करून पुस्तिकेत ठेवली, चिकटवली नाही. मंडळाचा शिक्का असता तर चिकटवली असती. तो शिक्का अध्यक्षांच्या टेबलाच्या डाव्या खणात असतो.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी मंदिराच्या पायरीवर बसेन. आत यायला मला मनाई आहे, तेव्हा प्रती तुम्ही बाहेर आणून द्या. पान सात उघडून धरायला दोन पोरे लागतील. शिक्का आणा. खळ मी घरून करून आणतो.

आपला,
एक निवृत्त जुळारी